शेपूट गळालेला धूमकेतू

मोटारसायकल शाळेच्या फाटकातून आत शिरली, तशी रेणुकानं लेकीला ओढून मांडीवर घेतलं.

"सारखी फाटकाकडं काय बघायलीस?" शेजारी बसलेल्या कमलबाई म्हणाल्या. "दुर्बीन तिकडं हाय."

"काही नाही, मावशी."

गाडीवरच्या माणसानं हेल्मेट काढेपर्यंत तिनं लेकीवरची पकड सोडली नाही. भागवत नव्हता.

नवऱ्याला सोडून जिंतूरला आल्याला महिना झाला होता. "असशील तिथून पोरगी उचलून आणीन," असं तो म्हणाला होता, आणि तो बोललेलं करायचा. दोघांनी कोर्टात लग्न केलं तेव्हाच दोन्हीकडची माणसं तुटली. त्याच्याकडचं तर तिनं कुणी पाहिलंही नव्हतं. मानवत गाव सोडताना तिनं कमरेखाली येणारी वेणी मानेपाशी कापली. इथं ती सगळ्यांना राजेश्री होती. खोली देताना घरमालकीण कमलबाईंनी एवढंच विचारलं होतं, "पोरगी लय रडती का?"

अंधारून आलं. शाळेच्या मैदानावर दिनकरराव गुरुजी सांगत होते, "काही धूमकेतू ठरावीक वर्षांनी परत येतात. पण एखादा हरवतो. असाच एक हरवला. लोक शेपूट शोधत राहिले. आणि हा डोळ्यांसमोरून जात होता! शेपूट गळालेली, नाव दुसरंच पडलेलं."

"मग वळखला कसा, गुरुजी?" कमलबाईंनी विचारलं.

"चालीवरून. वाट जुनीच होती ना त्याची."

रेणुकाचा हात मानेवर गेला. तिनं तो पटकन खाली घेतला.

"जा, बघून ये शनी," कमलबाई म्हणाल्या. "दे पोरगी हिकडं. खाऊन टाकत न्हाई मी तिला."

रेणुकाला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदाच तिनं लेक दुसऱ्याच्या मांडीवर दिली.

दुर्बिणीवर वाकताना, पुढं आलेली वेणी मागं टाकायला, तिचा हात सवयीनं खांद्यावर गेला. हाताला काही लागलं नाही. तिनं डोळा लावला. इवलासा पिवळसर शनी, भोवती कडं. किती शांत.

मागं कमलबाई तिच्या रिकाम्या पाठीकडं बघत राहिल्या. मग पोरीला थोपटत त्यांनी कमरेचा साधा फोन काढला.

"भागवता, जिंतूरची मावशी बोलायलीय. तू लांब येनीची सांगितलास, मी बी येनीच हुडकत बसले बघ."