नक्की किती?

“नक्की किती?” ओकाडासाहेबानं पुन्हा विचारलं.

इंदूनं गोजरबाईकडे पाहिलं. गोजरबाई डोक्यावर पदर घेऊन विहिरीच्या काठाला उभी होती. पारनेरकडचं ऊन असं, की जीपच्या टपावर पापड टाकला असता तर फुगून उडून गेला असता.

“आजी, साहेब विचारतात, विहीर नक्की किती खोल आहे?”

“पाच-सा पुरुस.”

“पुरुस म्हणजे एक माणूस हात वर करून उभा राहिला की होतो तेवढा,” इंदूनं साहेबाला जपानीत समजावलं.

“कोणता माणूस?”

तिनं तेही विचारलं. गोजरबाई विचारात पडली. “आमचं मालक बुटकं हुतं. सासरा मातुर ताडमाड. ढगाला डोकं लागंल म्हनून वाकून चालायचा. सासऱ्याच्या मापानं धर.”

साहेबानं पेन खिशात घातलं आणि स्वतःच विहिरीत टेप सोडली.

दुष्काळी गावांना पाणी उपसायची इंजिनं द्यायची, असं जपानातल्या एका संस्थेनं ठरवलं होतं. कुठल्या विहिरीला केवढं इंजिन लागेल ते बघायला ओकाडासाहेब दोन महिने नगर जिल्हा फिरणार होता. त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं. शोधून शोधून जपानी येणारी एक मुलगी सापडली, भिंगारच्या विष्णुपंतांची इंदू. पुण्यात मावशीकडे राहून शिकली होती. “जपानी शिकून काय बाजारातून मेथी आणणार?” असं विष्णुपंत येताजाता म्हणायचे. ही तिची पहिली नोकरी, आणि आजचा दिवस पहिला.

सकाळी ती आठच्या सुमाराला पोचली. साहेब घड्याळ बघत जीपपाशी उभा होता.

“आठ म्हणजे आठ,” तो म्हणाला. “गोरो चालणार नाही.”

गोरो म्हणजे सुमाराला. जपानीत अंदाजाचे शब्द मायंदाळ, आणि इंदूला तेच सगळ्यात चांगले येत. वेळेचा अंदाज असला की गोरो. बोलता बोलता ढोबळ सांगायचं तर दाइताइ. कागदावर आकड्याच्या आधी घालायचं तर याकु. थोडक्यात हुकलं तर होबो. गोजरबाई बोलायला लागल्यापासून तर तिला दुसरे शब्द लागतच नव्हते. पाणी शेंदता कधी? दिवस कासराभर वर आला की. गोरो. उन्हाळ्यात विहीर आटते का? आटत आली हुती, पन घागर बुडायची. होबो.

मग साहेबानं शेळ्यांचं विचारलं. त्यांना पाणी किती लागतं ते काढायचं होतं.

“हायेत की,” गोजरबाई म्हणाली. “त्या बाभळीखाली मावतील तेवढ्या.”

“समोरच आहेत,” साहेब इंदूला म्हणाला. “तुम्हीच मोजा.”

इंदूनं बोट उचललं, तोच गोजरबाईनं तिचा हात धरला. “मोजू नगं, बाय. जित्या जनावराची मोजदाद केली की दृष्ट लागती. तसंच जेवनाराच्या भाकरींचं.”

इंदूनं बोट मिटलं. “दाइताइ तीस,” ती साहेबाला म्हणाली.

साहेबाचा आवाज चढला नाही. तेच वाईट होतं. “इंदूसान, दाइताइवर मला इंजिन ठरवता येणार नाही. नगरला पोचलो की मी दुसरा दुभाषा बघायला सांगतो.”

“काय म्हनतुय त्यो?” गोजरबाईनं विचारलं.

“काही नाही, आजी.”

“काई न्हाई म्हनताना कुनाचं नाक लाल हुत न्हाई. चला, आदी जेवा.”

बाजरीच्या भाकरी, पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा. गोजरबाईची भाकरी डफाएवढी. ठेच्यानं साहेबाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात थांबला नाही. तो डोळे पुसायला मान फिरवायचा, तेवढ्यात ताटात नवी भाकरी येऊन पडायची. दुरडी रिकामी झाली. पिठाचा डबा खडखडला. ड्रायव्हर छगन काहीतरी बोलणार होता. गोजरबाईनं नुसते डोळे वटारले आणि त्यानं तोंडात कांदा कोंबला.

मग ती पदराला हात पुसत साहेबासमोर बसली. “सकाळधरनं माझ्या मागं लागलाय, नक्की किती, नक्की किती. आता त्याला इचार, पोरी. भाकरी किती खाल्ल्या? नक्की.”

“आजी, मघाशी तुम्हीच म्हणालात, मोजू नये.”

“मी कुठं मोजतीया? त्यो मोजील.”

इंदूनं विचारलं. साहेबानं रिकाम्या दुरडीकडे पाहिलं. छगनकडे पाहिलं. साहेबाचे कान ठेच्याच्या रंगाचे झाले.

“दाइताइ,” तो ताटात बघत म्हणाला, “दोन.”

“अंदाजे दोन, म्हणतात,” इंदूनं सांगितलं. छगनला जोराचा ठसका लागला.

गोजरबाईनं दुरडीत वाकून पाहिलं. तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही. “बराबर हाय. मला तर दीडच वाटली.”

ती काय म्हणाली ते साहेबानं विचारलं. इंदूनं एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं. दृष्टीचंही सांगितलं. निघताना साहेब बाभळीपाशी आला तेव्हा शेळ्यांकडे न बघता, टोपीनं तोंड झाकून जीपमध्ये बसला.

भिंगारला पोचेपर्यंत दिवस कलला होता. इंदू खाली उतरली. घराच्या पायरीवर विष्णुपंत वाट बघत बसले होते.

“मग उद्यापासून मी...” तिला पुढचं विचारवेना.

साहेबानं सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग शर्टाची बाही ओढून त्यावर घेतली.

“उद्या सकाळी या,” तो म्हणाला. “आठ गोरो.”