पोटवाली

'काळं शेत' या भुताच्या गेममधली पोटवाली जगभर गाजलेली आहे. फुगलेलं पोट, रक्ताळलेली बोटं, आणि शेतात शिरलेल्या प्रत्येकाला ती पळवून पळवून मारते. तिच्या पोटात सैतान वाढतो आहे, यावर तिच्या तमाम चाहत्यांचं एकमत आहे.

मारेगावच्या वैष्णवीनं तिचं आपलं वेगळं चित्र काढलं आणि चाहत्यांच्या ग्रुपवर टाकलं. पोट म्हणजे कंबरेला बांधलेली ओटी, वेचलेल्या कापसानं भरलेली. बोटांवर बोंडांनी काढलेले ओरखडे. खाली लिहिलं, 'सैतान-बितान काही नाही. बाई कापूस वेचते आहे.'

"ताई, सारे हसून राह्यले तुले," धाकटा पियुष गेम थांबवून म्हणाला. "काढून टाक ते चित्र."

"हसू दे. चित्र राहीन."

"मंग कापूस वेचते तं आपल्या मागं काहून धावते?"

"तू बूट घालून तिच्या उभ्या पऱ्हाटीतून पळून राह्यला. आपली माय असती तं काय केलं असतं?"

मायनं काय केलं असतं, ते पियुषला चांगलं ठाऊक होतं.

"एकडाव धुऱ्यानं जाऊन पाह्य," वैष्णवी म्हणाली.

त्यानं गेम पुन्हा सुरू केला. या वेळी पिकात पाय न घालता तो शेताच्या कडेनं, धुऱ्याधुऱ्यानं चालत गेला. पोटवाली दिसली. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.