सोळा बोअरची बंदूक

"यातला एखादा माझा असेल का?" आयर्लंडमधल्या म्हाताऱ्या शिकारी डोनलनं विचारलं. त्यानंच तळ्यावरून उचलून आणलेल्या हंसाच्या एक्स-रेत शिशाचे तीन छर्रे दिसत होते.

"सांगता येत नाही. तळ्याच्या तळाशी पडलेले छर्रे दाणे समजून गिळलेत त्यानं," पशुवैद्य शाल्मली म्हणाली. शिशाचं विष भिनून हंस मेला.

डोनलची बंदूक वडिलांची, सोळा बोअरच्या मापाची. पोलादी छर्ऱ्यांनी तिची जुनी नळी बिघडली असती, आणि बिनविषारी बिस्मथची काडतुसं दुकानात फक्त तिच्यात न बसणारी, मोठ्या बारा बोअरची मिळत.

"शिशाचीच वापर. अजून बंदी थोडीच आलीय?" मित्र म्हणाले.

"हंस बघितलाय मी."

तो हंगाम त्यानं बंदुकीला हात लावला नाही. बिस्मथचे छर्रे मागवून एकेक काडतूस स्वतः भरलं.

पुढच्या हंगामात शाल्मली त्याच्यासोबत गेली. पहिलाच बार हुकला. डोनल खुशीत पाण्याकडे बघत म्हणाला, "पडू देत छर्रे. खाऊन कुणी मरणार नाही."