निरोप

"हळू सांग, रेजिना. बाबा सकाळी कारखान्यात पडले, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते वाचले नाहीत. एवढंच. जमेल?" वर्गशिक्षिका सोकबाईंनी शाळेच्या ऑफिसात विचारलं.

अकरा वर्षांच्या रेजिना त्सोयने मान हलवली. वडील गेल्याचं तिला दहाच मिनिटांपूर्वी कळलं होतं. बाईंनीच तिला जिन्याखाली नेऊन ते सांगितलं. ती रडली नव्हती. "आईला कोण सांगणार?" एवढंच तिने विचारलं होतं.

आई, इन्ना, समोरच्या खुर्चीत बसली होती. किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या, कारखान्यातून तिला तशीच उठवून आणलं होतं. डोक्याला जाळी, पायांत रबरी बूट. शेजारी नवऱ्याच्या, म्हणजे वितालीच्या, कारखान्याचे व्यवस्थापक बोंग मांडीवर फाइल घेऊन बसले होते. परदेशी कुटुंबांच्या मदत केंद्रातली दुभाषी चार वाजता यायची होती. आता कुठे अडीच वाजत होते.

"दीड तास थांबायचं, मॅडम?" बोंग दारातच म्हणाले होते. "तिकडे शवागारात कागद अडलेत. चेहरा बघा यांचा, अगदी आपल्यासारखा, आणि कोरियनचा एक शब्द येत नाही! मुलगी सांगेल की. रजेचं, औषधाचं, सगळं तीच तर सांगते फोनवर."

सोकबाईंनी होकार दिला होता. परक्या दुभाषीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा पोटच्या लेकीकडून ऐकलेलं बरं, असं त्यांना वाटलं. मागच्याच महिन्यात विद्यापीठाची माणसं प्रश्नावली घेऊन शाळेत आली होती. 'परदेशातून आलेल्या कुटुंबाचं दुःख मी समजून घेऊ शकते,' या वाक्यापुढे बाईंनी स्वतःला पाचपैकी पाच दिले होते.

रेजिना आईकडे वळली आणि रशियनमध्ये तीन-चार वाक्यं बोलली. इन्नाचा हात तोंडावर गेला. मग तिने मोठा श्वास सोडला आणि चक्क हसली. बाहीने डोळे पुसत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"बरं म्हणतेय."

"रेजिना, तू काय सांगितलंस?"

"हात मोडलाय म्हणून."

तेवढ्यात बोंगनी फाइलमधला शवागाराचा कागद पुढे सरकवला. इन्नाने पेन उचललं. सही कुठे करायची, असं तिने लेकीला नजरेनेच विचारलं आणि रेजिनाने बोट ठेवून जागा दाखवली.

बाईंनी कागदावर तळहात दाबला. "थांबा."

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

"हात मोडलाय असं वाटतंय त्यांना. आणि तुम्ही सही घेताय?"

बोंग मुलीकडे बघतच राहिले. "अगं, हे काय केलंस?"

"घरी सांगते ना, बाई," रेजिना घाईघाईने म्हणाली. "आधी तिला पलंगावर बसवते, तिची गोळी देते, मग सांगते. आजी गेली तेव्हाही असंच केलं होतं. फोन मलाच आला होता. इथे सांगितलं तर ती पडेल. मला एकटीला उचलवत नाही."

इन्ना पेन हातात धरून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

"तू आता काही सांगायचं नाहीस," बाई शेवटी म्हणाल्या. "मी सांगते."

"तुम्हाला कुठे येतं रशियन?"

"नाही येत."

त्यांनी खुर्ची ओढली आणि इन्नाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. तिचा हात हातात घेतला. त्याला लसणाचा, मिरचीचा वास होता.

"इन्ना," त्या म्हणाल्या. "विताली."

त्यांनी मान हलवली, नाही अशी. डोळे भरून आले तरी नजर हलवली नाही.

इन्नाचं हसू क्षणभर तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग तिने लेकीकडे पाहिलं. रेजिना फरशीकडे बघत होती.

पेन खाली पडलं. इन्ना पडली नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि लेकीला तिने छातीशी ओढलं. पोर आधी लाकडासारखी ताठ होती. मग तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की बोंगनी फाइल मिटली. इन्ना तिच्या कानात बोलत राहिली, खूप वेळ, न थांबता.

"काय म्हणतायत त्या?" बोंगनी विचारलं.

ते मुलीकडे वाकले.

"ए मुली, आई काय म्हणतेय?"

रेजिनाने आईच्या मानेत तोंड खुपसलं. सोकबाई उठल्या, त्यांनी दार उघडलं आणि बोंग बाहेर पडेपर्यंत ते धरून उभ्या राहिल्या.