शेजारणीची मुलगी

शाळेच्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "वर्गात उवा झाल्या आहेत, मुलांची डोकी तपासा." एका आईने सगळ्यांत आधी उत्तर ठोकून दिलं, "आमच्याकडे तसलं काही नसतं हं, आम्ही स्वच्छता पाळतो." पाठोपाठ बाकीच्या आयांनीही तेच लिहिलं.

मग तिने सहज म्हणून लेकीला खिडकीशी बसवून कानामागचे केस उचलले. पांढरे ठिपके होते. कोंडाच असेल म्हणून झटकले, तर जागचे हलेनात. केसांना चिकटून बसलेल्या लिखा त्या. तेवढ्यात भांगातून एक ऊ निवांत फेरफटका मारत गेली.

कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून ती चार गल्ल्या ओलांडून लांबच्या दुकानात गेली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "उवांचं औषध द्या. माझ्यासाठी नाही हो, शेजारणीच्या मुलीसाठी हवंय."

दुकानदाराने रिकाम्या फळीकडे बोट दाखवलं.

"संपलं ताई. सकाळपासून सगळ्याजणी शेजारणीच्या मुलीसाठीच नेतायत. त्या पोरीचं डोकं आहे तरी केवढं?"