वाराचा एक मार्क

"आबा, आज कोणता वार आहे?" नाजमीनने विचारलं.

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या कौतिक आबांनी टोपी सारखी केली. प्रश्न त्यांना फारच सोपा वाटला असावा. "आज? आज बोरखेडाना बजार शे," ते अहिराणीत म्हणाले.

नाजमीनचं पेन थांबलं. छापील तक्त्यावर त्या प्रश्नापुढे एकच चौकोन होता. त्यात एक लिहायचा नाहीतर शून्य. प्रश्न छापलाय तसाच, एकदाच विचारायचा, रुग्णाला काही सुचवायचं नाही, असं तिला आत येण्याआधी बजावलं होतं. कोपऱ्यात पुण्याहून आलेले परीक्षक मांडीवर तसाच तक्ता घेऊन बसले होते. आबांचं उत्तर ऐकताच त्यांनी काहीतरी लिहिलं. शून्यच असणार, लिहायला तेवढाच वेळ लागला.

धुळ्यातल्या त्या रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या जागा चार आणि मुलाखतीला आलेले एकतीस. मुलाखत म्हणजे खरा रुग्ण समोर बसवून त्याची स्मरणशक्ती तपासायची. नाजमीनची ही तिसरी खेप. जळगावला मानसशास्त्रात एम.ए. केल्यापासून अमळनेरच्या मोहल्ल्यात सगळे तिला डॉक्टरीण म्हणायचे. कागदोपत्री मात्र ती शाळेतल्या पोरांशी गोड बोलणारी बाई होती. रुग्ण तपासून निदान लिहायचं आणि खाली आपली सही ठोकायची, तर हे प्रशिक्षण हवं, त्यानंतरचा नोंदणी क्रमांक हवा. मागच्या वर्षी तिने तक्ता सोडून रुग्णाला दोन प्रश्न जास्तीचे विचारले आणि जागा हुकली. "या वेळी शहाणपणा नको, तक्ता म्हणतो तेच लिही," असं तिच्या बहिणीने, तबस्सुमने, सकाळी एसटीत बसवून देताना तिला दोनदा सांगितलं होतं.

तिने चौकोनात एक लिहिला.

आता चाचणीचा शेवटचा भाग होता. सुरुवातीला सांगितलेले तीन शब्द आबांनी आठवून सांगायचे होते. केळं, कुलूप, बैल.

"केळं," आबा झटकन म्हणाले. मग खिडकीकडे बघत राहिले. दाराशी उभी असलेली त्यांची सून रूपा नुसते ओठ हलवून 'बैल, बैल' करत होती, पण आबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आनी काय व्हतं, वो माय? आतेच तं सांगं व्हतं तू."

नाजमीनने नुसता 'बै' म्हटला असता तरी त्यांना कदाचित आठवलं असतं. पण सुचवायचं नव्हतं. तिने दोन शून्यं लिहिली आणि तिला मनापासून वाईट वाटलं.

"त्यासले बठ्ठं याद ऱ्हास, ताई," रूपा घाईघाईने म्हणाली. "फक्त चष्मा कोठे ठेवा तेच भुली जातस." मग आबांचा हात धरून ती त्यांना बाहेरच्या बाकावर घेऊन गेली.

परीक्षकांनी नाजमीनचा तक्ता घेऊन आपल्या तक्त्याशेजारी ठेवला.

"वाराला एक दिलात. त्यांच्या उत्तरात वार कुठे आहे?"

"बोरखेड्याचा बाजार मंगळवारी भरतो, सर. आज मंगळवार आहे."

"हे तक्त्यात लिहिलेलं नाही."

"नाही, सर."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"अब्बू बांगड्या विकतात. रोज वेगळ्या गावच्या बाजारात बसतात. आमच्याकडे पण कोणी मंगळवार म्हणत नाही, बोरखेडंच म्हणतात."

"म्हणजे तुम्हाला आबांची दया आली."

"दया आली असती, तर दोन शब्दांचे पण मार्क दिले असते, सर. शब्द ते खरंच विसरले. वार नाही विसरले."

परीक्षक पुन्हा दोन्ही तक्ते बघू लागले. गेली जागा, नाजमीनला वाटलं. तबस्सुमला काय सांगायचं, अब्बूंना काय सांगायचं, याची ती मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागली.

परीक्षकांनी आपलं शून्य खोडलं नाही. त्यांनी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर सोमवार ते रविवार एकाखाली एक लिहिले आणि मंगळवारापुढे 'बोरखेडं' असं लिहिलं.

"यादी पाच वाजता लागेल," ते म्हणाले. "तुमचं नाव असेल की नसेल, ते मी आत्ता सांगू शकत नाही. पण वार विचारला आणि गावाचा बाजार सांगितला, म्हणून सकाळपासून चौघा रुग्णांना मी शून्य दिलंय. सोमवारी कुठला बाजार?"

"पिंपळखेड."

ती सांगत गेली, ते लिहीत गेले. बुधवारच्या गावाचं नाव त्यांनी चुकीचं लिहिलं, तेव्हा तिने ते वाकून दुरुस्त करून दिलं. गुरुवार झाला.

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी अब्बू धंद्याला जात नाहीत, सर. तो बाजार आबांनाच विचारावा लागेल."

परीक्षकांनी पेन हातातच ठेवून दाराकडे पाहिलं.

"मग बोलवा आबांना."