मापाने शिवलेली जागा

लोरेदानाने कॉफी उभ्यानेच घशात ओतली आणि पुन्हा व्हरांड्यात येरझारा सुरू केल्या. आत तीन परीक्षक खल करत होते. विद्यापीठात स्नायूंचं शास्त्र शिकवायला प्राध्यापकाची एक जागा, उमेदवार दोन. निकाल कधीच ठरलाय, हे ती धरूनच चालली होती.

या देशात जागेसाठी माणूस शोधत नाहीत, माणसाच्या मापाने जागा शिवतात. जाहिरातच बघा: बेडकाच्या सुट्या स्नायुतंतूवर काम केलेला उमेदवार हवा. असे अख्ख्या इटलीत दोघंच. एक ती, दुसऱ्या विद्यापीठात कंत्राटावर राबून केस पिकवलेली. दुसरा कॉर्राडो, मुख्य परीक्षक बेल्लोमोंची बॅग उचलणारा मानसपुत्र. माप कुणाचं घेतलंय ते आंधळ्यालाही दिसावं.

याआधी अशा दोन जागांकडे ती फिरकलीच नव्हती. या खेपेलाही अर्ज टाकून ती जावं की नाही या विचारात घुटमळतच बसली होती. मग तो फोन आला. नाव न सांगता कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं की अर्ज मागे घ्या, इथं आपला माणूस आहे, तुमचं पुढे बघू. तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि त्याच दिवशी तिकीट काढलं.

नवरा सावेरियो सरकारी इस्पितळात हाडांच्या विभागाचा प्रमुख. तोही जेवताना तेच म्हणे, की डोकं आपटून भिंत फुटत नसते, सोड नाद. तो म्हणे तितकी ही पेटे.

"मिळाली तर माझ्या कामावर मिळेल," तिने त्याला बजावलं होतं. "कुणाच्या वशिल्याची असेल तर त्या खुर्चीवर थुंकेन मी."

रीतीप्रमाणे काल दोघांनी एकेक बंद पाकीट उचललं होतं. त्यातल्या विषयावर आज व्याख्यान. तिला निघालं: स्नायू सैल कसा पडतो. ती तुटून पडली. आवळायला शक्ती लागते तशी सोडायलाही लागते, शक्ती संपलेला मेला स्नायू धरलेलं सोडत नाही, हे तिने थेट बेल्लोमोंकडे बघत सांगितलं. म्हातारा नुसता मान डोलवत राहिला.

कॉर्राडो अडखळला, भलतीच आकृती दाखवली, वेळेआधीच खाली बसला. तिचं डोकं फिरलं. लाडोबाला तयारीचीही गरज वाटली नव्हती.

दार उघडलं. कारकुनाने नाव वाचलं.

लोरेदानाचं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कामाला न्याय मिळाला होता. पायऱ्यांवर कॉर्राडो सिगारेट ओढत बसला होता. तिला राहवेना.

"काय रे, मालकांनी वाऱ्यावर सोडलं वाटतं?"

"अभिनंदन, मॅडम," तो म्हणाला. "सोडलं कुठे? माझं कंत्राट वाढवतायत."

"कशाबद्दल?"

त्याने सिगारेट ओठांतून काढली.

"तुम्हाला खरंच माहीत नाही? सरांची मुलगी तुमच्या मिस्टरांच्या विभागात लागली, तेव्हाच हे ठरलं: जागा तुम्हाला, आणि मी आज पडायचं. तुमच्या मिस्टरांनी सरांना एवढंच बजावलं होतं, की बाई मानी आहे, या म्हणाल तर येणार नाही. येऊ नका म्हणा, हट्टाने येईल." त्याने सिगारेट पायाखाली चिरडली. "तो फोन मीच केला होता."